खुरसाशेजारचा टॉवर

रेडी, ता. ३ एप्रिल २०२५

चि. साल्वादोर यास, अ. आ.

गावचं सबस्टेशन ३३ केव्हीचं १३२ होतंय आणि नव्या लाईनचा एक टॉवर आपल्या जमिनीत येणार, हे मला इंजिनीअर दीपेश यांनी सांगितलं. सातबारा दोघांच्या नावावर, पण संमती पाठवलीस तू एकट्याने: टॉवर खुरसाशेजारी (कागदावर ‘क्रॉसशेजारी’) उभारावा, बहिणीची हरकत नाही! पपांनी जाताना दक्षिणेचा भाग खुरसासकट मला दिला, उत्तरेचा तुला. म्हणजे तुझ्या बंगल्याची जागा वाचावी म्हणून माझे काजू तोडायचे? छत्तीस वर्षं शाळेत पोरांच्या खोट्या सह्या पकडल्या. भावाची खरी सही पकडावी लागेल असं वाटलं नव्हतं.

सात वर्षं तू खुरसापुढच्या लादाइनीच्या प्रार्थनेला फिरकला नाहीस. यंदा मे महिन्यात ये आणि तिथे उभा राहून हेच मला तोंडावर सांग.

अजून तरी माया असलेली,
लुईझाबाय

वसई, ता. १२ एप्रिल २०२५

ती. लुईझाबाय हिस, सा. न. वि. वि.

बाय गो, रागावू नको. वीज गावासाठीच येतेय. तू एकटी, काजू खाऊन खाणार किती? नाताळानंतर बंगल्याचा पाया घालायचाय. तुझी भावजय रॉविना पडद्यांचे रंगसुद्धा ठरवून बसलीय. लादाइनीला जमणार नाही, माझ्या वाटणीचे चणे तूच खा. एकच विनंती, साहेबांना भेटून माझं पत्र बदलायला लावू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
साल्वादोर

रेडी, ता. २४ नोव्हेंबर २०२५

चि. साल्वादोर यास, अ. आ.

विनंती पाळली. तुझ्या पत्रातला शब्दही बदलू दिला नाही. मोजणीवाला आला, खुरीस खंय आसा म्हणून विचारू लागला. मी त्याला चहा दिला आणि खुरीस दाखवला.

चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा तो माझ्या भागातून हलवावा लागला होता. मी तुला विचारलं होतं. ‘माझ्या उत्तरेच्या भागात हवा तिथे ठेव, तिथे कोण येतंय,’ असं तू लिहिलंस आणि विसरलास. ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे. एकदा जरी लादाइनीला आला असतास, तरी डोळ्यांनी दिसलं असतं.

टॉवरचे चारही पाय नेमके तुझ्या हॉलच्या जागी रोवलेत. तारांखाली घर बांधता येत नाही, असं दीपेश हळहळून सांगत होते. मी हळहळले नाही.

खुरीस तारांखालून काढावा लागला, तो पुन्हा माझ्या काजूंत आणलाय. मे महिन्यात ये, चणे राखून ठेवीन. आणि रॉविनाला विचार, टॉवरला कुठल्या रंगाचे पडदे शोभतील.

मायेचं पुढे बघू.
लुईझाबाय