‘गेट’ची एक्क्याऐंशी वाक्यं

कास्तेल रोव्हेरे,
८ जानेवारी १९५८

ती. अमेदेओदादास,
ओर्तेन्सियाचा शि. सा. न. वि. वि.

नाताळला आला नाहीस. कारण काय, तर म्हणे शब्दकोशाचं काम! वर्षानुवर्षं कोशात गप बसलेले शब्द एका दिवसात उठून पळून जाणार होते का रे? तू येशील म्हणून सारण भरून केलेल्या आन्योलोत्ती शेवटी केमिस्टसाहेबांनी खाल्ल्या. आधी स्वतःच्या वाटणीच्या खाल्ल्या, मग तुझ्या. हे आपले क्विरीनो फार जाडे झालेत. त्यांच्या कोटाचं मधलं बटण आता देवाच्या भरवशावर आहे, आणि बटणांचं मला कळतं, दुकानच आहे माझं बटणांचं.

बाकी गावात सगळं तसंच. फादर प्रॉस्पेरोंना अजूनही प्रवचन संपवणं जमत नाही. शेवटाशी आले की त्यांना काहीतरी आठवतं. मेयरबाई नवऱ्याच्या शिकारी कुत्र्यापासून कशी सुटका करून घ्यावी या विवंचनेत आहेत. माझ्या मते त्यांना नवऱ्यापासूनच सुटका हवी आहे, पण त्या कुत्र्याचं नाव पुढे करतात.

आता मुद्द्याचं. जेनोवाहून ईव्होचं पत्र आलंय. दुकान देऊन टाक आणि कायमची आमच्याकडे ये म्हणतो, मुलांकडे बघायला कोणी नाही. मे अखेरपर्यंत काय ते सांग म्हणतो. नातवंडं गोड आहेत रे, पण सूनबाईच्या स्वयंपाकघरात मी म्हणजे एक जास्तीची खुर्ची. मला इथेच राहायचंय. आणि तुझ्यापासून काय लपवायचं, क्विरीनोंनी मला विधवेला लग्नाचं विचारलं तर मी राहीन. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की जेवायला येतात, पत्ते खेळतात, पाच वाजले की टोपी उचलतात, कारण घरी एर्मेलिंदाबाई, त्यांची थोरली बहीण, वाट बघत असते. अकरा वर्षं झाली, या माणसाच्या हातून विचारणं काही होत नाही!

हे कुणाजवळ बोलू नकोस. बाकी तुझा लोभ आहे हे मी गृहीत धरते, पुरावा दिसत नसला तरी.

तुझी,
ओर्तेन्सिया


तोरिनो,
१५ जानेवारी १९५८

चि. ओर्तेन्सियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आन्योलोत्तींचा मजकूर वाचताना तर घास अडकला, कारण मी त्या वेळी उभ्यानं पाव खात होतो. बसायला जागाच नाही. जेवणाच्या टेबलावर एक्क्याऐंशी चिठ्ठ्या मांडल्यात, आणि त्या सगळ्या एका क्रियापदाच्या आहेत.

झालं असं की, आमचे मुख्य संपादक प्रोफेसर त्रिबाउदिनो यांनी इंग्रजी-इटालियन कोशातल्या ‘जी’ अक्षराची वाटणी केली. दालमास्सोबाईंना ‘ग्लिटर’ म्हणजे चकाकणे मिळालं, दोन ओळींत काम खलास, बाई घरी जाऊन स्वेटर विणतायत. मला दिलं ‘गेट’. इंग्रजांचं हे क्रियापद म्हणजे अगं काय सांगू! झोपेतून उठायचं तर तेच, कपडे घालायचे तर तेच. पत्र मिळालं, आजारी पडलो, बरा झालो, लग्न झालं, घरी पोचलो, गोष्ट समजली, माणसाला राग आला, सगळ्याला हेच एक. आपल्याला इटालियनमध्ये दर वेळी वेगळं क्रियापद काढावं लागतं. युद्धकैदी म्हणून इंग्लंडात ज्या शेतावर होतो ना, तिथली मालकीण होलरॉइडबाई पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत एवढ्या एका क्रियापदावर अख्खं शेत चालवायची. गाईसुद्धा ऐकायच्या.

त्यात आमच्या कचेरीचा दंडक असा की, प्रत्येक अर्थाला एक जिवंत वाक्य हवं. खुर्चीत बसून रचलेलं चालत नाही, कुणीतरी खरोखर बोललेलं किंवा लिहिलेलं पाहिजे. शिवाय वाक्यात शक्यतो माणसाचा धंदा यावा, म्हणजे विद्यार्थ्याला एकावर एक शब्द फुकट मिळतो. मी एकटा राहणारा माणूस, माझ्याशी बोलतं कोण? दरवानीणबाई फक्त जिन्यावर चिखल आणू नका एवढंच म्हणते.

तेव्हा तू लिहीत जा. लांबलचक लिही. कोण काय झालं, कुणाला काय जमलं, कोण कशातून सुटलं, असं सगळं. आणि केमिस्टचं एवढं मनावर घेऊ नकोस. थेंब मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला वेळ लागायचाच.

लोभ आहे. तो उभ्यानं पाव खातानाही आहे.

तुझा,
अमेदेओ


कास्तेल रोव्हेरे,
२० फेब्रुवारी १९५८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुला झालंय तरी काय? आजवर वर्षाला एक पोस्टकार्ड टाकणारा माणूस तू, आणि आता महिन्यात चार पत्रं, वर पुन्हा ‘लांबलचक लिही’! तब्येत बरी आहे ना? इंग्रजी जास्त झालं की माणूस हळवा होतो का?

कार्निव्हल झाला. मेयरसाहेब रोमन सेनापती झाले होते. घोड्यावर चढले, पण उतरणं जमेना, तेव्हा तिघांनी मिळून त्यांना गवताच्या गाडीत ओतलं. शाळेच्या बाई एक पेला घेतला की गायला लागतात, त्या दोन प्याल्या. फादर दुसऱ्या दिवशी कपाळाला पश्चात्तापाची राख लावताना सगळ्यांकडे असे बघत होते की, राखेची गरजच नव्हती.

आणि ऐक. त्या दिवशी नाचाच्या वेळी क्विरीनो माझ्याशेजारी उभे होते. टोपी हातात फिरवत फिरवत म्हणाले की त्यांना बऱ्याच दिवसांपासून काही बोलायचंय. माझ्या छातीत धडधडायला लागलं, बावन्नाव्या वर्षी! तेवढ्यात एर्मेलिंदाबाई आल्या आणि म्हणाल्या की रस्सा गार होतोय. झालं! गेले रश्श्यामागे. मला त्या रश्श्याचा इतका राग आला म्हणून सांगू!

दादा, वाट बघून बघून मी थकले, पण ही वाट बघण्याची सवय काही सुटत नाही. रविवार आला की हात आपोआप पिठात जातात. वेडी आहे मी. ईव्होला अजून कळवलेलं नाही.

तुझी माया आहे तशीच असू दे, तेवढाच आधार.

तुझी,
ओर्तेन्सिया


तोरिनो,
२८ एप्रिल १९५८

चि. ओर्तेन्सियास,
अनेक आशीर्वाद.

संपलं! ‘गेट’ संपलं! काल मी टेबलाशी बसून जेवलो. प्रोफेसर त्रिबाउदिनोंनी सगळी वाक्यं वाचली आणि चष्मा काढून म्हणाले की, तीस वर्षांत इतकी जिवंत उदाहरणं त्यांनी पाहिली नाहीत, मी हे लोक आणले कुठून? इतके खूश झाले की, कोशाची जाहिरात म्हणून हे एकच क्रियापद वेगळ्या पुस्तिकेत छापून घेतलंय. पिएमोन्तेतल्या सगळ्या शाळांना, चर्चांना आणि औषधांच्या दुकानांना ती फुकट जाणार. औषधांच्या दुकानांना का, तर हल्ली इंग्रजी औषधांबरोबर इंग्रजी कागद येतो आणि केमिस्ट लोकांची पंचाईत होते.

आता तुला सांगायला हरकत नाही, त्यात तुझ्या पत्रांतली थोडी वाक्यं आहेत. बरीच आहेत. काळजी नको, नावं सगळी बदललीत, आणि तुमच्या गावात इंग्रजी वाचणारं आहे कोण?

तुझ्या या दादाला आज स्वतःचा अभिमान वाटतोय, तेव्हा लोभात तूही थोडी भर घाल.

तुझा,
अमेदेओ


कास्तेल रोव्हेरे,
१९ मे १९५८

श्री. अमेदेओ यांस,

नमस्कार नाही आणि विनंतीही नाही.

इंग्रजी वाचणारं कोण आहे म्हणे! अरे शहाण्या, प्रत्येक इंग्रजी वाक्यासमोर तूच त्याचं इटालियन छापलंयस! निम्मं पान इटालियन आहे! चार महिने त्या चिठ्ठ्यांवर नाक घासलंस, आणि समोरच्या रकान्यात आपली मातृभाषा आहे हे तुला दिसलं नाही? इंग्रजीकडे बघता बघता डोळे फुटले काय तुझे?

नावं बदलली म्हणतोस. क्विरीनोचा झाला तिबेरिओ. पण ‘केमिस्ट तिबेरिओ जाडा झालाय’! कास्तेल रोव्हेरेत केमिस्ट किती? एक! मेयर किती? एक! पोस्टमननं पुस्तिका वाटताना वाचली, शाळेच्या बाईंनी वर्गात मोठ्यानं वाचायला घेतली, आणि तेविसाव्या वाक्यावर स्वतःच दोन पेले प्यालेल्या निघाल्या. मेयरबाई दुकानात आल्या, काही न घेता माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि गेल्या. फादरनी प्रवचन सहा मिनिटांत संपवलं आणि सगळा गाव माझ्याकडे वळून हसला. ऐंशीव्या वाक्यात तर तू मलाच बसवलंस, ‘बटणवाल्या विधवेला विचारणं केमिस्टच्या हातून काही होत नाही’. हे मी तुला लिहिलं होतं. तुला एकट्याला.

काल रविवार होता. मी आन्योलोत्ती केल्या, दोन ताटं मांडली. क्विरीनो आले नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चार वाजेपर्यंत बसले आणि मग सगळं कोंबड्यांना घातलं. त्यांची गावभर शोभा झाली ती माझ्यामुळे, आता कुठल्या तोंडानं येतील?

ईव्होला या आठवड्यात ‘येते’ म्हणून लिहिणार आहे.

लोभाविषयी लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

ओर्तेन्सिया


तोरिनो,
२१ मे १९५८

माझी ओर्तेन्सिया,

आशीर्वाद देण्याचा अधिकार गमावलाय, तरी देतो.

तू म्हणतेस ते अक्षरशः खरं आहे. तुझं पत्र आल्यावर पुस्तिका उघडली आणि पहिल्यांदा उजवा रकाना वाचला. उरलेल्या प्रती मागवायला धावलो, पण सगळ्या टपालात गेल्यात. त्रिबाउदिनोंना राजीनामा देऊ केला, त्यांनी तो शुद्धलेखन तपासून परत दिला.

एक सांगतो, सबब म्हणून नव्हे. त्या इंग्रजी शेतावर दोन वर्षं माझ्याशी आपल्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं. तुझी पत्रं यायची तेवढंच. ती मी मोठ्यानं वाचायचो, गाईंना ऐकवायचो. तेव्हापासून जिवंत वाक्य म्हटलं की मला तुझंच आठवतं. म्हणून हात तिकडे गेला. चुकलोच. मला माफ कर.

ईव्होला आठवडाभर लिहू नकोस. मी स्वतः येऊन क्विरीनोंचे पाय धरतो.

लोभ मागत नाही, फक्त उत्तर दे.

अमेदेओ


कास्तेल रोव्हेरे,
३० मे १९५८

श्री. रा. रा. अमेदेओ यांस,
क्विरीनो ग्राफ्फी, केमिस्ट, यांचा स. न. वि. वि.

आपली पुस्तिका पोचली. इंग्रजी कागदांसाठी उपयुक्त आहे, आभारी आहे. तथापि तीन वाक्यांविषयी कळवणं भाग आहे.

वाक्य क्रमांक बारा. वजनाचा मजकूर बरोबर आहे, तक्रार नाही. परंतु असं छापून आल्यावर त्याच कोटात कुणाच्या घरी जाणं मला प्रशस्त वाटेना. आस्ती शहरातल्या शिंप्याकडे नवा कोट टाकला. त्यानं दोन आठवडे घेतले, म्हणून माझे दोन रविवार चुकले. निरोप पाठवायला हवा होता. सुचलं नाही.

वाक्य क्रमांक त्र्याहत्तर, ‘वाट बघून बघून मी थकले, पण ही सवय सुटत नाही’. हे प्रथम माझ्या बहिणीनं वाचलं. पुस्तिका माझ्या ताटाशेजारी ठेवून ती म्हणाली की, ही ओर्तेन्सियाच आहे, दुसरी कोण असणार, आणि मी आता तरी घराबाहेर पडावं, कारण तिलाही माझी खोली तिच्या शिवणयंत्रासाठी अकरा वर्षांपासून हवी आहे. मला वाटायचं, मी तिला एकटं सोडू शकत नाही. आणि ओर्तेन्सियाबाईंविषयी वाटायचं की, एकट्या माणसाची दया येऊन त्या मला जेवू घालतात. साहेब, मी ते वाक्य फार वेळ वाचत बसलो. रस्सा गार झाला.

वाक्य क्रमांक ऐंशी. हे काल दुपारी चार वाजल्यापासून खोटं आहे. पुढच्या आवृत्तीत गाळू नये, मात्र त्यापुढे ‘शेवटी झालं’ एवढं जोडावं.

आपला लोभ आता नात्यानंच मिळेल, असा भरवसा आहे.

आपला,
क्विरीनो ग्राफ्फी


कास्तेल रोव्हेरे,
७ जून १९५८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. (राग कायम ठेवून.)

त्यांनी तुला कळवलंच असेल. कसं झालं ते त्यांनी लिहिलं नसणार, म्हणून मी लिहिते. मागल्या आठवड्यात गुरुवारी दुपारी चारला आले. दुकानात मेयरबाई फीत घेत होत्या, शाळेच्या बाई दोरा बघत होत्या. मला वाटलं, आला बाई हिशेब चुकता करायला हा माणूस. घाबरून मी फीत मापायची ती भलतीकडेच कापली. तर ते सरळ गल्ल्यापाशी आले आणि त्या दोघींच्या देखत विचारलं. या वेळी सगळं वाक्य पूर्ण केलं. मी ‘हो’ म्हटलं आणि रडले, दादा, हमसाहमशी रडले, आणि मला कशाचीही लाज वाटली नाही. मग मेयरबाईही रडायला लागल्या, कशासाठी ते देव जाणे.

ईव्होला ‘येत नाही’ म्हणून लिहिलं. तो चिडलाय, पण सूनबाईनं पत्राखाली स्वतःच्या अक्षरात अभिनंदन लिहिलंय.

लग्न बारा जुलैला. तुला यायलाच हवं, माझा हात धरून नेणारा दुसरा कोण आहे? राग तोवर जाईल असं दिसतंय, लोभ कुठे गेलाच नव्हता. फक्त येताना कागद-पेन्सिल घरी ठेवून ये.

तुझीच,
ओर्तेन्सिया