आवाज परिपक्व होतो आहे

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही.
ध्वनी-ग्रंथालयात रुजू झाले. काम असं: अंध विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तकं माइकसमोर मोठ्याने वाचायची, ती रेकॉर्ड होऊन त्यांच्या फोनवर जातात. तीन महिने उमेदवारी, मग कायम. वाचक म्हणून. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. ते शिक्षण लगेच कोणाच्या तरी उपयोगी पडतंय ही साधी गोष्ट नाही.
बाबांनी शिलाईच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं की मुलगी रेडिओवर लागली. रेडिओ नाही, म्हटलं. ते म्हणाले, तेच ते, आवाज लांब जातो ना.
संकल्प: पहिलं पुस्तक (अर्थशास्त्र, पहिलं वर्ष) मुदतीच्या आत.

७ मार्च
स्टुडिओ म्हणजे भिंतींना खडबडीत स्पंज चिकटवलेली खोली. खिडकी नाही. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात. आज त्याने मला घड्याळ काढायला लावलं, मग कानातले, मग चपला. शेवटी म्हणाला, आणि मॅडम, जरा कमी गिळा. माणसाने कमी कसं गिळायचं ते विचारलं. म्हणाला, ते मला माहीत नाही, मी फक्त कापतो.

१९ मार्च
बेरोजगारीचं प्रकरण वाचताना छातीत जळजळ झाली. मधोमध, हाडाच्या मागे. वाचन थांबवावं लागलं. विषयच तसा आहे. संवेदनशील माणसाला हे होणारच.
घरी सांगितलं. आई म्हणाली, काल दुसऱ्यांदा भात घेतलास आणि भांडी व्हायच्या आधी आडवी झालीस, त्याची आहे ती जळजळ. आईला प्रत्येक गोष्ट स्वयंपाकघरातून दिसते.

२८ मार्च
आवाज खालच्या पट्टीत उतरला आहे. सकाळी जास्त. परिपक्व होतो आहे. धाकटी म्हणाली, ताई, मला वाटलं शेजारचे काका आले.
घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. खाकरून निघत नाही. कानसेन काचेपलीकडून म्हणाला, आज अर्थशास्त्र कमी आणि खाकरणं जास्त झालंय, खाकरण्याचं वेगळं पुस्तक काढू का? मी हसले नाही. हसले असते तर खोकला आला असता.

५ एप्रिल, शुक्रवार
संचालिकाबाईंनी घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं की समाजोपयोगी कामात आवाजाचा अतिवापर झाला आहे. त्यांनी मान डोलावली आणि नाकातून बारीक कॅमेरा घातला. पडद्यावर माझा घसा. मागची बाजू लाल, सुजलेली. मला अभिमान वाटणार होता, तेवढ्यात त्यांनी विचारलं, रात्री किती वाजता जेवता? दहा, म्हटलं. आणि झोपता? साडेदहा. ते म्हणाले, मग बरोबर. पोटातलं आम्ल अन्ननलिकेतून वर येतंय. मध्ये एक दारासारखा स्नायू असतो, तो सैल पडतो. आडवं झालं की आम्ल थेट घशापर्यंत. याला रिफ्लक्स म्हणतात.
मी विचारलं, दुसरं काही असू शकत नाही का? ते म्हणाले, दुसरं काय हवं होतं?
घरातली पहिली पदवीधर, आणि आजार खादाडांचा.
उपचार: रोज सकाळी एक गोळी, खाण्याच्या अर्धा तास आधी. रात्रीचं जेवण सात वाजता. झोपायच्या तीन तास आधीपासून पोटात काही नाही. पलंग डोक्याच्या बाजूने उचलायचा, नुसत्या उशा चालणार नाहीत. चहा-कॉफी कमी. घशाला बरं व्हायला वेळ लागतो, धीर धरा, म्हणाले.
मला धीर आहे. पुस्तकाला नाही.

६ एप्रिल
आमच्याकडे औषध एकाचं नसतं. आईने गोळ्यांचं पाकीट जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. आत्याला ढेकर येतात, बाबांचं पोट जड असतं, धाकटीला परीक्षेच्या आधी कसंतरी होतं. सगळ्यांनी एकेक घेतली. मी बोलणार होते. पण परवाच समान वाटपाचं प्रकरण वाचून झालं. माइकसमोर एक आणि घरात दुसरं, हे मला जमणार नाही. माझी पाळी येईल तेव्हा मी घेईन.

८ एप्रिल, सोमवार
सातला जेवले. एकटी. आई वाढत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. आमच्याकडे बाबांच्या आधी कोणी जेवत नाही. नियम नाही, कोणी कधी सांगितलेलंही नाही. फक्त कोणी जेवत नाही.
दहाला बाबा दुकान बंद करून आले. हात धुऊन बसले. तू? म्हणाले. झालं माझं, म्हटलं. बरं, म्हणाले. आणि घास हातातच धरून राहिले. आत्या माझ्याकडे बघायला लागली. मग मी ताट घेतलं. थोडंसं, त्यांच्या सोबतीपुरतं.
सोबतीपुरतं जेवण हे जेवण नव्हे. डॉक्टर जेवणाबद्दल बोलले, सोबतीबद्दल नाही.

१५ एप्रिल
पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. पलंग मी आणि धाकटी वाटून घेतो. माझ्या खोकल्यामुळे ती हल्ली माझ्या पायांकडे डोकं करून झोपते. सकाळी ती पायथ्याशी गोळा झालेली होती, तोंड सुजलेलं. म्हणाली, तुझं सगळं आम्ल माझ्याकडे पाठवतेस का?
चर्चा झाली. तिच्या बाजूलाही विटा ठेवल्या. आता पलंग उंच आणि सरळ आहे. डॉक्टरांनी उचलायला सांगितला होता, उचलला. आत्याची मोठी पेटी आता खाली मावते. ती फार खूश आहे.

२४ एप्रिल
बरीच सुधारणा. जळजळ आता नवीन वाटत नाही.
सातचं जेवण नियमित. दहाचंही नियमित. धाकटी म्हणाली, ताई दोन पाळ्यांत काम करते. कपडे थोडे घट्ट झाले आहेत. बाबांनी न विचारता दोन कुर्ते सैल करून आणून दिले.

६ मे, सोमवार
पहिली चार प्रकरणं विद्यार्थ्यांपर्यंत पोचली. एका विद्यार्थिनीचा ग्रंथालयात फोन आला. पुस्तक आवडलं. तिने विचारलं, वाचणारे आजोबा कोण आहेत?
संचालिकाबाईंनी हे मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या मते आजोबांच्या आवाजावर लोक विश्वास ठेवतात. अर्थशास्त्राला ते बरंच आहे. हे मी त्यांना म्हणाले. त्या म्हणाल्या, महिनाअखेर शेवटचं प्रकरण, मी स्वतः ऐकायला बसेन. मग ठरवू.

१३ मे
पुन्हा डॉक्टर. गोळी रोज? आमच्याकडे रोज घेतली जाते, म्हटलं. सातला जेवता? न चुकता. पलंग उचलला? दोन्ही बाजूंनी. हे शेवटचं ते लिहीत असल्यामुळे त्यांना नीट ऐकू गेलं नसावं.
एकही वाक्य खोटं नव्हतं.
ते म्हणाले, एवढं सगळं पाळूनही घसा तसाच म्हणजे आतून बघायला हवं. एंडोस्कोपी. दहाच्या जेवणाचं आता सांगावं असं मनात आलं. पण त्यांनी तारीख लिहिली होती. नीट अक्षरात. खाडाखोड करायला लावणं बरं दिसलं नसतं.

२० मे, सोमवार
एंडोस्कोपी झाली. आदल्या रात्रीपासून पोट रिकामं हवं होतं, त्यामुळे बाबांबरोबर जेवल्यानंतर काहीही खाल्लं नाही. घशात औषध फवारून तो बधिर केला. मग नळी. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण रडत नव्हते. परिचारिका पाठीवर हात ठेवून म्हणत होती, झालं झालं. झालं नव्हतं.
अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ओरखडे आहेत. लाल, लांबट. बाकी भीतीचं काही नाही. डॉक्टर म्हणाले, औषध नीट घेतलं असतं तर हे एव्हाना भरून यायला हवं होतं. "असतं तर" यावर त्यांनी जरा जोर दिला. आता गोळी सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळेला.
आईला बरं वाटलं. म्हणाली, चला, आता सगळ्यांना पुरतील.
बधिरपणा दुपारपर्यंत जाईल असं त्यांनी लिहून दिलं होतं. गेला का, ते मला नक्की सांगता येत नाही.

३० मे
उद्या शेवटचं प्रकरण. संचालिकाबाई समोर बसणार. विचार करून योजना आखली. पोटात काही असेल तर ते वर येतं. पोटात काहीच नसेल तर वर काय येणार? उद्या सकाळपासून काही खायचं नाही. इतकं सोपं होतं.
आई म्हणाली, निदान दूध तरी. ती तर्कशास्त्र शिकलेली नाही.

३१ मे, शुक्रवार
सुरुवात चांगली झाली. दुसऱ्या पानावर कानसेनने हात वर केला. मॅडम, पोट. पुन्हा सुरुवात. पुन्हा हात. पोट काही थांबेना. संचालिकाबाई छताकडे बघत होत्या. कानसेन म्हणाला, याला चाल लावली तर चालेल. मी पाणी प्यायले. मग ते पाणी ऐकू यायला लागलं.
मग "सारांश" हा शब्द आला आणि आवाज निघालाच नाही. ओठ हलले. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. हवा आली.
कानसेनने हेडफोन काढून ठेवले. दार उघडून आत आला, पंखा लावला. म्हणाला, आज राहू द्या, मॅडम. त्याने पुढे काही विनोद केला नाही. मी थोडा वेळ वाट बघितली.

३ जून, सोमवार
संचालिकाबाईंनी बोलावलं. वाचक म्हणून घेता येणार नाही. पुस्तक एक नवी मुलगी पहिल्यापासून पुन्हा वाचेल. माझं झालेलं काम वापरणार नाहीत. मला तपासनीस म्हणून कायम केलं आहे: हेडफोन लावून दुसऱ्यांनी वाचलेलं ऐकायचं, पुस्तकाशी ताडून चुका काढायच्या. बोलायचं काम नाही. मी कुजबुजत विचारलं, आवाज परत आल्यावर? त्या म्हणाल्या, आधी येऊ दे.
मला वाईट वाटायला हवं होतं. वाटेत दुकानांच्या पाट्या वाचत आले. मनात.
घरी म्हटलं, कायम झाले. आईने डोळे पुसले. कशात झाले ते कोणी विचारलं नाही. आत्याने फोन घेतला आणि रात्रीपर्यंत नातेवाइकांना सांगत होती.

५ जून, बुधवार
आज बाबा सातलाच घरी आले. आई घाबरली, बरं नाही का विचारायला लागली. ते म्हणाले, पोरीची नोकरी पक्की झाली, म्हटलं एकत्र जेवू. धाकटीने विचारलं, दुकान? त्यांनी सांगितलं, सातनंतर गिऱ्हाईक येतंच कुठे. मी दहापर्यंत बसून असतो, कारण तुम्ही जेवता दहाला. मध्येच येऊन स्वयंपाकाची घाई कशाला करायची.
 आईने कढईवरचं झाकण उचललं आणि परत ठेवलं.
जेवायला बसलो. उजेड होता बाहेर. बाबा म्हणाले, गावभर सांगत फिरतोय, पण आम्ही अजून तुझं एकही वाक्य ऐकलेलं नाही. ऐकव की. माझं सगळं पुसून टाकलं आहे. फोनमध्ये तपासायला आणलेलं नव्या मुलीचं पहिलं प्रकरण होतं. म्हणजे पुस्तक तेच. मी ते लावलं.
बाबांनी डोळे मिटले. हातातला घास खाली ठेवला. तिचा आवाज फार स्वच्छ आहे. कुठे अडत नाही. तिसऱ्या वाक्याला बाबा म्हणाले, लगेच ओळखला. तुझाच. आणि बघ किती मोकळा झालाय. शेवटी औषधाने गुण आला. आत्या म्हणाली, मलाही आहे गुण. धाकटी माझ्याकडे बघत होती.
बाबांनी डोळे उघडून विचारलं, आता त्रास नाही ना होत?
बोलले असते तर कळलं असतं. मान हलवली.