बाळंतपणाला येऊ नकोस

गुरुवार, १८ जानेवारी १९६८

चि. सौ. बना हिस,

आईचे पोटभर आशीर्वाद. तिळगुळाचं पार्सल मिळालं असेल. लाडू फुटले असतील तर यस्टीवाल्यांना बोल लाव, मी चांगले घट्ट वळले होते.

जावईबापूंचं पत्र आलं. तुला सातवा लागला, न्यायला कधी येता, असं अर्जुनरावांनी विचारलं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आम्हांला का सांगायला पाहिजे? तुझ्या बाबांनी तुझ्यासाठी अंगणात खोली बांधली आहे, पूर्वेला खिडकी ठेवून. पण तिचा गिलावा अजून ओला आहे, आणि ओल्या खोलीत बाळंतिणीला ठेवलं तर कंबर जन्माची धरते. शिवाय वांगी तोडणीला आली आहेत, बाबांना मळ्यातून उसंत नाही. त्यात म्हैस व्यायची आहे. म्हैस आणि लेक एकदम सांभाळायला मला चार हात नाहीत, बाई. तेव्हा थोडं थांब.

पेपरात काही वाचलं असशील तर मनावर घेऊ नकोस. गेल्या महिन्यात कोयनेला भूकंप झाला तेव्हापासून कुणाच्या फडताळातलं ताट पडलं तरी लोक भूकंप भूकंप करतात. आपल्याकडे मधूनमधून भांडी वाजतात, एवढंच. पुठ्ठ्याच्या मिलचे ट्रक जातात, त्यानंही वाजत असतील.

आपल्या गावची सुईण झुंबरबाई रोज विचारते. तुला तिनंच जगात आणलं, तेव्हा तिचा हक्क मोठा. काल म्हणाली, "बनीले आण वं लवकर. डोळ्यानं मले कमी दिसते, पण हाताले सगळं दिसते." मी म्हटलं, आणतोच आम्ही.

तुझ्याकडे माझं पत्र आलं की सगळं घर ऐकायला बसतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून लांबण लावत नाही. विहीणबाईंना नमस्कार. जड उचलू नकोस.

तुझी आई


बुधवार, १४ फेब्रुवारी १९६८

चि. सौ. बना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीपुढे बसून राहिले. भाकर करपली. "आई, मी तुला जड झाले का?" असं लिहायला तुझा हात धजला तरी कसा? विहीणबाई शेजारणींसमोर बोलल्या, की सातवा सरला तरी माहेरचं कुणी फिरकलं नाही, लग्न लावून सुटले बिचारे. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या जागी मी असते तर याहून तिखट बोलले असते.

आता तुला आठवा लागला, आणि आठव्यात लेकीला कुणी हलवत नाही. म्हणजे महिनाभर तरी मला कुणी विचारणार नाही, असं मनात येऊन मला बरं वाटलं. नंतर माझीच मला लाज वाटली. म्हणून आज खरं लिहिते. हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस.

बने, आपलं गाव हलतं. खोलीचा गिलावा केव्हाच वाळला. भिंत तडकली आहे. बाबा तडा चिखलानं बुजवतात, आठवडा गेला की तो पुन्हा तोंड उघडतो. म्हैसही व्याली, पण दूध चोरते. तिलाही कळतं.

कपाशीच्या पऱ्हाटीपासून पुठ्ठा करायची मिल निघाली तेव्हा तू इथंच होतीस. तिचं काळं, नासकं पाणी नाल्यात यायचं, जनावरं आजारी पडायची. तुझ्या लग्नानंतर सगळं गाव मिलवर चालून गेलं, मीही गेले होते. मॅनेजर हात जोडून म्हणाले, नाल्यात एक थेंब सोडणार नाही. आणि शब्द पाळला. गोड पाण्यासाठी त्यांनी खूप खोल बोअर मारला होता. आपली जमीन खारपाणाची, त्याला खारंच पाणी लागलं आणि तो पडून राहिला. आता मोठा पंप लावून सगळं घाण पाणी जोरानं त्या बोअरमध्ये ढकलतात. नाला निवळला तेव्हा गावानं मॅनेजरचा सत्कार केला. हाराला झेंडू आपल्याच मळ्यातला होता.

दिवाळीनंतर हे हलणं सुरू झालं. आधी जमिनीखालून रिकामी बैलगाडी दगडांवरून गेल्यासारखा आवाज यायचा. मग उतरंडी कोसळू लागल्या. गावात जेवढी तोंडं तेवढी कारणं. कुणी म्हणतं देवी कोपली, तिला बकरं कबूल झालं, पुरणपोळी कबूल झाली. कुणी म्हणतं कोयनेचंच इथवर आलं, आणि पेपरात तिथल्या धरणाच्या पाण्याला नाव ठेवतात, मग इथंही पाणीच असेल. कितीतरी घरं थंडीत मळ्यात झोपतात. अर्ध्या गावाची चूल मिलवर चालते. ताटं त्यांच्याही घरची पडतात, पण ते उचलून ठेवतात आणि म्हणतात, मांजर होती. गावातला टवाळ कारभारी मिलमध्ये नाही, म्हणून त्याची जीभ सगळ्यांत पुढे. परवा चावडीवर म्हणाला, "मॅनेजरले हार घातला तवाच जमिनीले हसू आलं बे, थे अजून हासून राह्यली." सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

आता एक चांगली गोष्ट. सरपंच इंद्रभाननी खेटे घालून घालून नागपूरचे सरकारी साहेब आणायचे ठरवले आहेत. त्यांच्याकडे सुईचं यंत्र आहे, जमीन हलली की सुई कागदावर रेघा ओढते. पुढच्या आठवड्यात शाळेत मुक्काम करतील. त्यांनी एकदा पाहिलं की पंप बंद होईल. बाबा तर आताच नवं धोतर धुऊन बसले आहेत. म्हणतात, "साहेबानं डोळ्यानं पाह्यलं का झालं. नववा लागला का मी सोता जातो अन् पोरीले घेऊन येतो."

थोडा धीर धर. तू मला जड नाहीस गं. इथली जमीनच धड नाही, तर तुला ठेवू कुठे?

तुझी आई


बुधवार, ६ मार्च १९६८

चि. सौ. बना हिस,

हे पत्र सगळ्यांसमोर वाच. अर्जुनरावांना दुकानातून बोलावून घे, विहीणबाईंनाही जवळ बसव. झाकून ठेवण्यासारखं आता काही उरलं नाही, आणि झाकून झाकून मी दमले आहे.

साहेब आले. शांत, सज्जन माणूस. शाळेच्या खोलीत यंत्र मांडलं आणि त्याच दिवशी मिल बंद पडली. इंजिनाचा पट्टा तुटला म्हणे. पंप थांबला, आणि आपली जमीन अशी गप्प झाली की काय सांगू. एरवी दिवसातून दोनदा भांडी वाजायची, आता चमचाही हलेना. लोक शाळेपुढे बसून राहायचे. ज्या बायांनी हे थांबावं म्हणून देवीला पुरणपोळी बोलली होती, त्याच आता जमिनीला हात लावून म्हणायच्या, "येक डाव हाल ना माय, साहेब हाये तोवर." मीही म्हटलं. तुझ्यापासून काय लपवायचं?

साहेबांनी सामान आवरायला काढलं तेव्हा कारभारी म्हणाला, "आता कोणीतरी खालून ढकला बे जमिनीले." लोक हसले. तुझे बाबा हसले नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

लग्नाआधी बाबा विहिरी खोल करणाऱ्या टोळीत जायचे, हे तुला माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात आपली विहीर खोल केली तेव्हाचे सुरुंगाचे तोटे शिल्लक होते. ते घेऊन ते शाळेमागच्या कोरड्या विहिरीत उतरले आणि वात पेटवून वर आले. एवढा दणका झाला की शाळेची कौलं सरकली. सुई थयथय नाचली. लोक आनंदानं ओरडले, टाळ्या वाजल्या. टाळ्या! साहेब मात्र बाहेर आले, हवेत वास घेतला आणि धुराच्या दिशेनं सरळ विहिरीवर गेले. काठावर तुझे बाबा, अंगभर माती, उभे.

साहेबांनी विचारलं, "दररोज असाच सुरुंग लावता का?"

बाबा म्हणाले, "नाही साहेब. दररोज थे आपोआप हालते."

साहेबांनी चावडीत सगळ्यांसमोर सांगितलं की हे धक्के गावकऱ्यांच्या विहीर खोदायच्या सुरुंगांचे आहेत, मिलचा संबंध दिसत नाही. यंत्र जीपमध्ये चढलं. दुसऱ्या दिवशी मिलचा पट्टाही जोडला गेला.

बाबांना नांदुऱ्याच्या ठाण्यात नेलं, दिवसभर बसवलं आणि दटावून सोडलं. घरी आले तेव्हा मी खूप बोलले. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं कधी बोलले नव्हते. तर म्हणतात कसे, "मी का खोटं केलं? रोज तं हालतेच ना थे. साहेब होते तवा हालली नाही, मंग मी हालवली." मी म्हटलं, काऊन पण? तुम्हांलाच काऊन पुढे व्हायचं होतं? तर म्हणाले, "पोरीले नववा लागून राह्यला होता."

यावर मला राग धरता येईना.

गावाला धरता आला. मारलं-बिरलं कुणी नाही, पण आमच्याशी बोलणं बंद. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीच पाठ फिरवली. कारभारी त्यांना सुरुंग्या म्हणतो, आणि आता सगळं गावच म्हणतं. मिलमधले लोक तर खूश. काही पडलं की मांजराचं नाव घ्यायचे, आता तुझ्या बाबांचं घेतात. इंद्रभान पुन्हा नागपूरला गेले होते. तिथं त्यांना विचारलं, यावेळी किती सुरुंग लावणार?

मग परवाचा सोमवार. भर दुपारी जो धक्का बसला तसा आधी कधी बसला नव्हता. झुंबरबाई परसात तूर निवडत बसली होती, तिच्यावर मागची भिंत आली. जीव वाचला, उजवा हात चिरडला. बैलगाडीतून मलकापूरच्या दवाखान्यात नेलं, बोटं काढावी लागली. मी तिच्या उशाशी गेले. वाटलं, आता ही आमच्या घराला शिव्या देईल, आणि द्याव्यातच. ती म्हणाली, "रुख्मिणे, बनीच्या बाळंतपणासाठी राखला होता वं हा हात." तुझे बाबा दवाखान्याच्या दारापर्यंत आले होते. त्यांना आत यायचा धीर झाला नाही.

तेव्हा बने, बाळंतपणाला येऊ नकोस. आता कारणं सांगत नाही, सरळ सांगते. नववा लागला, तुझी बॅग भरलेली असेल, वाटेकडे डोळे लागले असतील. पण ज्या भिंतीखाली मी स्वतः झोपत नाही तिच्याखाली तुला आणि तुझ्या लेकराला झोपवणार नाही. रीत मोडली असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

विहीणबाई, आता तुम्हांला लिहिते. लेकीला आम्ही टाकली नाही. तिला ठेवायला जागा राहिली नाही, म्हणून मीच तिच्याकडे येते. तुमच्या ओसरीचा एक कोपरा द्या. शेक-शेगडी, तेल-पाणी, तिची आणि बाळाची न्हाणी, सगळं मी करीन, तुम्हांला कशाला हात लावू देणार नाही. तुमच्या दुसरबीडची सुईण तेवढी सांगून ठेवा.

बाबा येणार नाहीत. आपण गेलो तर गाव म्हणेल सुरुंग्या पळाला, असं त्यांना वाटतं. मलकापूरच्या स्टँडवर सोडायला येतील. पोरीला काही लिहू का विचारलं, तर म्हणाले, "लिही, बाप येणार होता म्हणून." मग उठून मळ्यात गेले.

एक सांगायचं राहिलं. आपल्यात लेकीला मूल झाल्याशिवाय आईबाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. तुझ्या लग्नानंतर आम्ही एकदा आलो होतो, तेव्हा उन्हातून येऊनही ओसरीवर टेकलो आणि तसेच कोरड्या घशानं परत फिरलो. तू तांब्या घेऊन उभी होतीस, मी मान हलवली, आणि तू रडलीस. माझ्या आईनं ही रीत पाळली, तिच्या आईनंही पाळली. यावेळी मी मुक्कामाला येते आहे, आणि बाळाला अजून अवकाश आहे.

रविवारच्या गाडीनं निघते. दारात आले की तांब्या आण, आणि कुणी काहीही म्हटलं तरी परत नेऊ नकोस.

तुझ्या घरचं पाणी प्यायला निघालेली,
तुझी आई
रुख्मिणी