नाताळातलं जास्तीचं ताट

आई, तू मला धाकटी का म्हणायचीस, ते मला परवा कळलं. गुडघे गेले, तोंडात कवळी आली, आणि आत्ता कळलं. जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढला, डोळ्यांदेखत माणसं गेलेली पाहिली, पण असं धस्स कधी झालं नव्हतं. मी तुझी एकुलती एक पोर. एकुलत्या एका पोरीला कोण धाकटी म्हणतं? मला आपलं वाटायचं, लाडाचं नाव आहे. शाळेतल्या बाईंनी एकदा विचारलं होतं, "मग थोरलं कोण गं?" मी ऐटीत म्हटलं, "थोरलं कोणी नाय, मीच." घरी येऊन तुला हसत सांगितलं तर तू परातीत पीठ मळत होतीस. मान वर केली नाहीस. त्या दिवशी भाकरी करपली होती, एवढंच मला आठवतं.

लष्करी छावणीमागची आपली ती खोली डोळ्यांपुढून हलत नाही. तू मिशनच्या दवाखान्यात रोग्यांच्या भाकऱ्या थापतेस, बाबा तिथंच बागेला पाणी देतात, आणि नाताळच्या आदल्या दिवशी तू दुपारीच सुट्टी मागून घरी येतेस. आपल्या सगळ्या ख्रिस्ती घरांत त्या दिवशी करंज्या तळायचा घमघमाट. दारावर कागदाची चांदणी, पोरांची टोळी ढोलकी घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरायची. आपल्याकडंही तेच, पण आपल्याकडं आणखी एक खूळ होतं. तू जमिनीवर थोडा कडबा पसरायचीस, त्यावर पांढरी चादर, आणि आपण तिघं असताना ताटं मांडायचीस चार. आभाळात पहिली चांदणी दिसल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. दाराची कडी काढलेली. डिसेंबरातला गारठा सरळ आत यायचा, बाबा घोंगडी पांघरून कुडकुडत जेवायचे, पण तुला एका शब्दानं बोलायचे नाहीत. शेजारीण मात्र रस्त्यातून ओरडायची, "आला का ओ तुमचा पाहुणा? का औंदाबी गाडी चुकली?" तू हसायचीस. मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं.

विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं. "मोठ्या बाईंच्या देशात असंच करतात. वाट चुकलेलं कोणी आलं तर त्याला जेवाया नको व्हय?" मोठ्या बाई म्हणजे तुझ्या दवाखान्यातल्या गोऱ्या मेट्रनबाई. त्यांनी तुम्हा बायकांना देशोदेशीच्या गमती सांगितलेल्या. कुठं म्हणे पोरं त्या रात्री दाराबाहेर पायताणं मांडून ठेवतात नि सकाळी त्यात खाऊ मिळतो. कुठं गोड भातात एकच बदाम दडवतात. कुठं गोठ्यातली जनावरं त्या रात्री माणसासारखं बोलतात. तू मेंढ्यांमागं हिंडणाऱ्या घरातली, तुला ती जनावरांची गोष्ट लई आवडायची. तरी तू ती रीत उचलली नाहीस, बदाम नाही, पायताणंही नाहीत. एवढ्या सगळ्यांतून तू कडबा नि चौथं ताट उचललंस. हे मला कधी खटकलंच नाही, काय म्हणावं मला!

आणि त्या ताटातली ती पितळी वाटी. सगळ्या ताटांत कोंबडीचा रस्सा, भात, करंजी. त्या ताटात मात्र वाटीभर दूधभाकर, बोटांनी बारीक कुस्करलेली, मीठ नाही, साखर नाही. मी सात-आठ वर्षांची असेन, पाहुणा काही येत नाही म्हणून मी त्या वाटीत बोट घातलं. तू फाडकन कानाखाली वाजवलीस. त्याआधी नाही, त्यानंतर नाही, जन्मात तेवढी एकच. मग मला पोटाशी धरून माझ्यापेक्षा जास्त तूच रडलीस. बाबा उठून बाहेर गेले. सकाळी ती वाटी तू नेहमीसारखी शेळीपुढं रिकामी केलीस.

तू गेल्यावर ही रीत मी मुकुंदवाडीच्या घरात चालू ठेवली. का, ते मला विचारू नको. तू केलंस म्हणून मी केलं. माझी नात आता पोलंडला शिकायला आहे. मागच्या आठवड्यात तिच्या वर्गात प्रत्येकानं आपापल्या घरची नाताळच्या आदल्या संध्याकाळची रीत सांगायची होती. तिनं आपलं चौथं ताट सांगितलं. तिथले लोक उडालेच, कारण ती रीत त्यांचीच. कडबा, चांदणी, सगळं तसंच! मला फोनवर ऐकून असा आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, बघा, माझी आई खोटं बोलत नव्हती. मग पोरगी म्हणाली, "पण आजी, इथं त्या ताटात काहीच वाढत नाहीत. कोणी आलं तरच वाढतात. ती दूधभाकर कुठून आली? ती तर बाळाला देतात ना?"

आई गं! एवढी बाळंतपणं केली मी, दात न आलेल्या पोरांना काय भरवायचं ते शेकडो आयांना शिकवलं, आणि माझ्याच घरातली वाटी मला दिसली नाही.

परवा रिक्षा केली नि छावणीत मावशीकडं गेले. तुझ्या हाताखाली भाकऱ्या थापायला होती तीच, आता नव्वदीला टेकलीय, पण डोकं शाबूत. मी दारातूनच विचारलं, "मावशे, माझ्या आधी आईला कोणी होतं का?" तिनं मला हाताला धरून खाली बसवलं. "बाई, तुला ठावं नव्हतं?" म्हणाली. "आम्ही समजत हुतो, तुला समदं म्हाईत हाय."

मग तिनं सांगितलं. अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या आधीच्या पळापळीत पिशोरकडची तुमची माणसं मेंढरं घेऊन डोंगरात निघाली. तुझा पहिला नवरा आधीच वारलेला. कडेवर पोरगा, नुकता उभा राहायला लागलेला. ओढ्यापाशी तू त्याला घोंगडीवर बसवलंस, पाणी आणायला खाली उतरलीस. वरून माणसांचा लोंढा गेला. तू वर आलीस तर घोंगडी होती, पोरगा नव्हता. कोणी उचलून नेला, कोणी पाहिलं, काही कळलं नाही. तू गावोगाव विचारत फिरलीस, सिल्लोडच्या बाजारात दिवसदिवस उभी राहिलीस, आणि तापानं फणफणलेली दवाखान्यात आणून टाकली गेलीस. तिथंच मग येशूचं नाव, तिथंच बाबा, तिथंच मी.

"मोठ्या बाईंनी ती ताटाची गोष्ट सांगितली ना," मावशी म्हणाली, "तवा आम्ही समद्या हसलो. तुझी आई नाय हसली. बाईंला इचारलं, वाट चुकलेलं लेकरू बी येतं का? बाई म्हणाल्या, येतं. अन् आत जाऊन रडल्या. त्यांच्याकडची ती नुसती रीत, पोरी. तुझ्या आईनं वचन समजून घेतलं."

आई, मला तुझा राग आलाय, हे स्पष्ट सांगते. बाबांना माहीत, मावशीला माहीत, गोऱ्या बाईला माहीत, आणि त्या ताटाशेजारी मांडी घालून बसायची ती मीच तेवढी बावळट! मला भाऊ होता. कदाचित अजून आहे. सिल्लोडच्या एसटीत माझ्या शेजारी बसलाही असेल, माझ्याकडून सुई टोचून घेतली असेल, मी त्याला "बाबा, हात सैल सोडा" म्हटलं असेल. कालपासून रस्त्यातला प्रत्येक म्हातारा मी निरखून बघतेय. लोक काय म्हणत असतील!

काल संध्याकाळी मी ताट मांडलं. पहिल्यांदा कळून मांडलं. वाटलं, तो आता म्हातारा असणार, त्याला कसली दूधभाकर वाढतेस? म्हणून रस्सा वाढला, भात वाढला, करंजी ठेवली. मग उठले आणि वाटीत भाकरी कुस्करलीच. तुझ्यासारखी बारीक जमली नाही. दार उघडं ठेवून बसले. गल्लीत पावलं वाजली म्हणून दोनदा उठून दारात गेले, दोन्ही वेळा शेजाऱ्यांचेच पाहुणे.

आज सकाळी नातीचा फोन आला. मावशीनं सांगितलेलं सगळं तिला मी परवाच कळवलं होतं. "आजी, आलं का कोणी?" मी फोनवरच तिला रिकामी वाटी दाखवली. म्हटलं, "व्हय. जेवून गेला." पोरगी तिकडं रडायलाच लागली.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि तुझ्या कबरीवर ठेवलं तर शेळ्या खातील, तेव्हा राहू दे इथंच. पण तुला खोटं सांगणार नाही. तो आला नाही, आई. वाटी मी खाल्ली. गार झाली होती, अळणी होती, आणि मी बोटांनी पुसून खाल्ली.

तुझी धाकटी