आईने कुठे बसायचे

देवळा, ४ एप्रिल १९८१

ती. दादास मालनचा सप्रेम जयभीम, वि. वि.

विशाखाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. 'बौद्ध पद्धतीने' हे शब्द ठळक छापलेस, विहार समितीच्या सेक्रेटरीला ते शोभलेच. शाळेत सगळ्यांना दाखवून आले आणि मग तुझी चिठ्ठी वाचली. आई विधवा, व्याही जुन्या वळणाचे, म्हणून हळदीच्या वेळी तिने आतल्या खोलीत बसावे, हे मी तिला गोडीगुलाबीने समजवायचे म्हणे. एवढी गोडी माझ्याकडे नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा तू पिंड नाकारलेस, मुंडण नाकारलेस. मला अभिमान वाटला. पण मी पोहोचेपर्यंत भावकीतल्या बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या होत्या आणि तू ओट्यावर गप्प बसून होतास. तुमचे केस तेवढे वाचले, तिचे मनगट नाही. आणि हळद तरी कोणत्या धर्मातून आणलीस? तुझ्या सोयीचा एक धर्म नि आमच्यासाठी दुसरा, हे मला सहन होत नाही. मी आईला काही सांगणार नाही.

राग आला तर येऊ दे, माया आटू देऊ नकोस.

तुझी मालन

नाशिक, ९ एप्रिल १९८१

चि. सौ. मालनला दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र कसले, भाषणच पाठवलेस. पोरांवर ओरडून जीभ सैल झाली आहे तुझी. तुला लिहायला काय जाते, पोरगी माझी आहे. मालेगावच्या व्याह्यांकडच्या म्हाताऱ्या हळदीवर अडून बसल्यात. ऐन लग्नात त्या उठून गेल्या तर विशाखाला जन्मभर ऐकावे लागेल.

भाऊजी आजारी होते तेव्हा तू वणीला देवीचा गड चढून आलीस, मी कधी जाब विचारला? सगळे नियम पाळत बसले तर संसार कुणी करायचा? आईची काही तक्रार नाही, तूच तिच्या नावाने भांडतेस. तिला घेऊन वेळेवर ये.

रागावलो असलो तरी वाट पाहतो आहे.

तुझा दादा, जयराम

देवळा, १५ एप्रिल १९८१

चि. जयरामला आईचा आशीर्वाद.

मी सांगते, मालन लिहिते. शब्द बदलायचा नाय असं तिला बजावलंय. तुझं पत्र मी वाचून घेतलं, तिनं तुला काय लिहिलं तेबी तिच्याकडनं ऐकलं. माझ्यावरनं भांडता, पन मला कोनी इचारलं नाय. मालनलाबी सांगितलं, वनीला गेली ती तू, मंग भावाला धर्म शिकवू नको. ती फुगली हाय, पन लिहिते.

तुझ्या बापानं दीक्षा घेतली तवा मी लय रडले. माझ्या आईनं दिलेली पितळेची देवी होती घरात. तो म्हने, आता आपल्यात कोनी इटाळाचं नाय, कोनी अपशकुनी नाय. त्या शब्दावर मी देवी कोनाड्यातनं काढून तुझ्या हातात दिली, अन तू ती नाशकाला गंगेत, गोदावरीत सोडून आला. एवढ्या वर्सांत मी कधी माघारी मागितली नाय.

बांगड्या फोडल्या तवा त्या बायांना आडवायचं काम तुझं हुतं, ती चूक माझी नाय, तुझी हाय. आता तुझ्या घरात मी अपशकुनी झाले, म्हंजी तुझ्या बापाचा शब्द तू मोडला.

मी लग्नाला येते. नातीला पयली हळद मी लावीन. नायतर गंगेत उतर, अन माझी देवी मला काढून आन.

इशाखाला माझी माया सांग.

तुझी आई, नवसाबाई