शांत भाडेकरू

३ नोव्हेंबर

आले एकदाची तुर्कूला! दोन बॅगा, शिट्टीची किटली आणि आजीने विणलेली चटई, एवढ्यावर माझा संसार थाटला. लाकडी पिवळं घर, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. जिना असा करकरतो की चोराने पाऊल टाकलं तर अख्खी गल्ली जागी होईल.

नाट्यगृहाच्या गायकवृंदात मला घेतलंय. सहा डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, एका गाण्यातल्या दोन ओळी मी एकटीने गायच्या. त्या जमल्या तर नोकरी कायम. कुओपियोच्या मासळीच्या दुकानात तीन वर्षं "अजून काय देऊ?" म्हणत घसा झिजवला तो याचसाठी.

किल्ल्या घरमालक तूरे लेहमुसने दिल्या. या माणसाने अख्ख्या भेटीत तोंड उघडलं नाही. हसला आणि चिठ्ठी पुढे केली: "सौनात वाफ घ्यायची तुझी पाळी गुरुवारी सहाला. घर शांत आहे." आम्हा फिनिश लोकांत कमी बोलणं हा सभ्यपणा खरा, पण हा जरा जास्तच सभ्य निघाला. आधी तो याच खोल्यांत राहायचा, आता औलूला राहतो.

६ नोव्हेंबर

कोपऱ्यावर रेकॉर्डचं दुकान आहे. मालक ओस्मो, पोट सुटलेला, वादाला सदा तयार. मी कुठे राहते ते कळल्यावर त्याने लगेच तूरेचीच रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली. नाव 'दोन खोल्या'. रिकाम्या खोल्यांत मायक्रोफोन ठेवायचा, तिथली शांतता टिपायची आणि यंत्रांवर हजारपट मोठी करायची, असं ते संगीत. आठवड्यापूर्वी आली आणि कोणी ढुंकूनही बघितलं नाही. एका समीक्षकाने लिहिलं की फ्रिजची बडबड ऐकायला त्याच्या घरी फ्रिज आहे.

मी ती घरी आणून ऐकली. घूंऽऽ, खर्रर्र, मग मध्येच एक पुरुष खाकरतो, किल्ल्या सापडत नाहीत म्हणून स्वतःलाच शिव्या देतो. मला हसू आलं. ओस्मो म्हणाला, तो तूरेच. पूर्वी म्हणे दुकानात आला की दोन तास हलायचा नाही, बोलून बोलून जीव नकोसा करायचा. आता चिठ्ठ्या लिहितो. कलावंत झाला ना, शिंगं फुटली, असं ओस्मोचं मत.

१२ नोव्हेंबर

जिना करकरत नाही. तीनदा चढले-उतरले. खालच्या ईर्याबाईंना विचारलं, सुतार येऊन गेला का? त्या म्हणाल्या, छे गं, कोणी नाही आलं, तूच हलकी चालतेस.

दुपारी ओस्मो वर्तमानपत्र नाचवत बाहेर आला. 'दोन खोल्या'चं कौतुक छापून आलंय, "जिन्याच्या त्या करकरीत एक अख्खं आयुष्य आहे" वगैरे. ओस्मो शपथेवर सांगतो, त्याच्या रेकॉर्डमध्ये करकर नव्हती. आता आहे. माझ्याही.

१७ नोव्हेंबर

किटली करपली. शिट्टी वाजलीच नाही. झाकण दाबलं, आपटलं, जमिनीवर टाकलं. आवाज नाही.

बर्लिनच्या मासिकात किटलीच्या शिट्टीवर दोन परिच्छेद. शिट्टी ऐकून समीक्षकाच्या अंगावर काटा आला म्हणे. माझ्या अंगावर कसला आला ते त्याला कुठे ठाऊक.

२१ नोव्हेंबर

ईर्याबाई वेलदोड्याचे पाव घेऊन आल्या. या घरातल्या रहिवाशांच्या बैठकीत माझं नाव निघालं, इतकी शांत भाडेकरू पंधरा वर्षांत झाली नाही म्हणे. पावलं नाहीत, नळ नाही, भांडी नाहीत. तूरेही शेवटी शेवटी असाच झाला होता, त्याचंही त्यांना कौतुक.

पाव तसेच पडलेत.

२४ नोव्हेंबर

घरी सराव करायला नको होता. माझ्या दोन ओळी म्हटल्या. ओठ हलले, छाती भरली, आणि खोलीत काही नाही.

पळत बाहेर गेले. रस्त्यावर घशातून सुतासारखा आवाज निघाला, तेवढाच.

ओस्मोच्या दुकानात गर्दी होती. रेकॉर्डमध्ये आता एक बाई गाते. माझ्या दोन ओळी. सगळे डोळे मिटून ऐकत होते. मी ओस्मोची बाही ओढली, गळ्याकडे बोट केलं. तो म्हणाला, हो गं, घसा दाटून येतो ना?

२८ नोव्हेंबर

बहिणीकडे तीन रात्री काढल्या. तिच्याकडे चमचा वाजतो, दार वाजतं, मी वाजत नाही. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत. गायकवृंद चालवणाऱ्या बाईंनी सहा तारखेपर्यंत मुदत दिली. मी तिथे उभी राहून तोंड उघडणार आणि— नाही. तो विचारच नको.

रेकॉर्ड फोडली. काय उपयोग? हजारो घरांत आहे ती.

परत आले. आवाज इथे गेला, तर इथेच असेल.

१ डिसेंबर

किंचाळले. जिन्यात उभी राहून, पोट पिळवटून. ईर्याबाई दार उघडून गोड हसल्या आणि कचरा टाकायला गेल्या.

२ डिसेंबर

"चौथ्या तुकड्यातली किंकाळी हा या वर्षातला सर्वात प्रामाणिक क्षण." पाच तारे.

३ डिसेंबर

तूरेचा फोन. बोलला! अर्धा तास, हसत, रडत, थांबेचना. ती रेकॉर्ड या खोल्यांत राहणाऱ्या एकाचा आवाज धरून ठेवते. दुसरा राहायला आला की त्याला धरते आणि पहिल्याला हळूहळू सोडते. चोवीस तारखेला, मी गायले त्याच दिवशी, त्याचा घसा मोकळा झाला. माफ कर म्हणाला. मग म्हणाला, खोल्या भाड्याने द्यायची जाहिरात दे.

मला त्याला शिवीही देता आली नाही.

५ डिसेंबर

दिली. "दोन खोल्या. अतिशय शांत घर." तासाभरात उत्तर. पिहला नावाची मुलगी. बालवाडीत मुलांना गोष्टी सांगते. उद्या दुपारी येते.

६ डिसेंबर

जवळजवळ तीन आठवड्यांनी आज किटली वाजली. बारीक, पण वाजली. मुलगी अजून आलीही नव्हती, नुसतं हो म्हणाली होती.

नाट्यगृहात सहाला. अजून तीन तास.

पिहला आलीय. खिडकीत मेणबत्त्या का नाहीत, स्वातंत्र्यदिनी लावायच्या असतात, असं विचारत होती. स्वतःच दोन लावल्या. आता आतली खोली बघतेय. गुणगुणतेय. गोड आवाज आहे. गोड—

दोन चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात. डाव्या खिशात सौनाची पाळी आणि किल्ल्या. उजव्या खिशात एकच शब्द, पळ.

घशात काहीतरी हललं. माझं.

ती बाहेर येतेय. किल्ल्यांसाठी हात पुढे करून. मी—