दहा हालचालींना लागणारा वेळ

३ ऑक्टोबर, शनिवार

पोचलो. विमान पंचवीस मिनिटं उशिरा, सामान शाबूत. हॉटेल चार मजली, खोली तिसऱ्यावर. लिफ्टमध्ये दोन माणसं आणि एक बॅग मावते. तिसरं कुणी शिरलं तर दार लागत नाही. "आपण अडीच आहोत," ही म्हणाली. लागलं एकदाचं.

खोली साडेतीन मीटर बाय तीन. खिडकीची चौकट डावीकडे चार मिलिमीटर खाली बसली आहे. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नसेल!

तिसावा आठवडा कालच पुरा झाला. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाचं पत्र दिलं ते एका अटीवर – रोज दुपारच्या जेवणानंतर हिनं डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळाच्या हालचाली मोजायच्या. दहा व्हायला किती मिनिटं लागली ते लिहायचं. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा एकदम जास्त वेळ लागायला लागला, तर विचार करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. बाई हे सगळं हिला सांगत होत्या, लिहून मात्र मी घेत होतो. बाई म्हणाल्या, "तुमचे मिस्टर फारच व्यवस्थित आहेत हो." ही म्हणाली, "तुम्हाला आठ दिवस देऊ का?"

लग्नाला सोळा वर्षं. याआधी दोनदा हातातोंडाशी आलं आणि गेलं, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात. मी सत्तेचाळीस, ही चाळीस. यापुढे कुणी संधी देणार नाही. म्हणून तक्ता. तारीख, सुरुवात, शेवट, मिनिटं.

आज : २२ मिनिटं. उत्तम.

४ ऑक्टोबर, रविवार

नदी, दोन पूल, मोठं चर्च. ही खाली बाकावर बसली, मी मनोऱ्यावर चढलो. माहितीपुस्तकात पायऱ्या ३०६ लिहिल्या आहेत. आहेत ३११! उतरताना पुन्हा मोजल्या – ३११. तिकीट देणाऱ्या बाईला सांगितलं. ती छान हसली आणि पुढच्या माणसाला तिकीट देऊ लागली.

हिला सांगितलं तर म्हणते, "मग तिनं काय करायचं? वरच्या पाच काढून टाकायच्या?"

हसण्यावारी नेते. पण कारखान्यात मला जे मिळालं ते या सवयीनंच मिळालं. झाडू मारायला लागलो होतो मी तिथे. ड्रॉइंग वाचायला कुणी शिकवलं नाही, मायक्रोमीटर धरायला कुणी शिकवलं नाही. आज डिग्रीवाली पोरं मापाबद्दल वाद झाला की माझ्या टेबलाशी येतात. मागे 'मायक्रॉन' म्हणतात, मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणू देत!

आज : २६ मिनिटं.

५ ऑक्टोबर, सोमवार

ही गप्प. पावलं सुजली आहेत, चपलेचा पट्टा एक भोक सैल केला. ट्राममधून शहराचा फेरा केला. मी डावीकडच्या इमारती सांगत होतो, ही उजवीकडे बघत होती.

दुपारी मी घड्याळ घेऊन शेजारीच बसलो. ५१ मिनिटं!

म्हटलं, मध्येच डुलकी लागली असेल. "नाही हो." मग एखादी हालचाल सुटली असेल. "नाही." पुन्हा मोज. पुन्हा मोजलं – ४४. म्हटलं, एकाच दुपारी दोन मापं, आणि दोघांत सात मिनिटांचा फरक? मोजणाराचं लक्ष नसलं की असंच होतं.

"मी काय मुद्दाम करते का?"

मुद्दाम म्हणालोच नाही मी. समजावून सांगितलं – इथल्या आणि घरच्या वेळेत फरक आहे, चालणं झालं आहे, जेवण धड झालेलं नाही. उद्याही असंच आलं तर हॉस्पिटल गाठू. गुरुवारचं संग्रहालय गेलं तर गेलं. मोजमापाच्या उपकरणांचं इतकं मोठं संग्रहालय दुसरीकडे कुठे नाही, आतल्या दालनाची परवानगी चार महिने पत्रं लिहून मिळवली आहे, ती एकाच दिवसाची आहे – तरीही गेलं तर गेलं. "त्या दालनासाठी वीस वर्षं थांबलोय, अजून वीस थांबेन," एवढंच म्हणालो.

ही भिंतीकडे तोंड करून झोपली. पाय दाबून देऊ का विचारलं. नको म्हणाली.

६ ऑक्टोबर, मंगळवार

२४ मिनिटं! सांगत होतो की नाही? नीट मोजलं की नीट येतं.

मात्र मला खाली पाठवलं हिनं. "तुम्ही घड्याळ धरून बसलात की माझ्याच छातीत धडधडतं. त्यात बाळाचं काय कळणार?" पटण्यासारखं आहे. खाली बसून उद्याचा रस्ता नकाशावर आखला.

७ ऑक्टोबर, बुधवार

राजवाडा, बाग, काचेचं छत असलेला बाजार. ही दर शंभर-सव्वाशे पावलांवर बाक शोधते. खेळण्यांच्या दुकानासमोर मी थांबलो – लाकडी घोडा होता, सांधे अप्रतिम, एक खिळा दिसत नव्हता! "आत जाऊ या?" "नको, आत्ताच नको." पुढे निघूनही गेली.

काही गोष्टी नोंदवून ठेवतो. थंड पाणी एका दमात पिते आणि मग थांबते, जशी कुणाच्या उत्तराची वाट बघावी. दोन बोटांनी पोट एका बाजूनं दाबते. मी बघतो आहे म्हटलं की पदर सारखा करते. सकाळी न्हाणीघरात वीस मिनिटं होती. नळ चालू, आंघोळ मात्र झालेली नव्हती. विचारलं तर, "जरा बसले होते."

हॉटेल सांभाळणाऱ्या बाईशी हिचं फार जमलं आहे. ना तिला आपली भाषा, ना हिला तिची. हातवारे चालतात. आज मी वर आलो तर बाई आमच्या खोलीत, पलंगाच्या कडेवर बसलेली, हिचा हात हातात घेऊन. मला बघून उठली, हसलीही नाही. पहिल्या दिवशी हसून बोलणारी ही बाई! जाताना मला काहीतरी म्हणाली, दोनदा म्हणाली. त्यात 'हॉस्पिटल' हा शब्द होता. हिला विचारलं, काय म्हणते ती? "जवळ कुठे आहे ते सांगत होती. लागलं तर." चांगलंच आहे की. रस्ता विचारून नकाशावर खूण करून घेतली. चालत चौदा मिनिटं.

आज : २३ मिनिटं.

८ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा दिवस!

दालन तळघरात. सांभाळणारा म्हातारा माझ्याच जातीचा – म्हणजे मापाच्या. पत्रातला मीच तो, हे कळल्यावर कपाटाची किल्ली काढली. पांढरे हातमोजे दिले आणि पितळी स्क्रूचा मायक्रोमीटर माझ्या हातात ठेवला. शंभर वर्षांहून जुना. स्क्रू फिरवला – कुठे अडखळ नाही, कुठे ढिलाई नाही. कुणीतरी हातानं घासून बनवला आहे हा! माझे डोळे भरून आले, लिहायला लाज वाटते.

पुस्तकातून शिकलेलं माझं इंग्रजी आज कामाला आलं. म्हाताऱ्याला आमच्या ग्राइंडिंगवाल्याची गोष्ट सांगितली. त्यानं दर अर्ध्या तासाला एक शाफ्ट, म्हणजे घासून तयार झालेला लोखंडी दांडा, मोजून तक्त्यात माप लिहायचं होतं. महिन्याभराचे तक्ते माझ्याकडे आले आणि मी मशीनपाशी न जाताच सांगितलं, यानं एकही शाफ्ट मोजलेला नाही. कसं? मापं सगळी एका रेषेत. जित्या हातानं घेतलेलं माप थोडं इकडे पडतं, थोडं तिकडे. खऱ्या मापाला खोडी असते. मनानं लिहिलेले आकडे फार सभ्य असतात. चौकशीत तो रडला. म्हणाला, साहेब, एकदा वाकडं माप लिहिलं होतं, तुम्ही सगळ्यांना माझा हात थरथरतो का ते बघायला लावलंत, तेव्हापासून धीर होत नाही. बडतर्फ झाला.

म्हातारा शेवटचं ऐकून हसला नाही. कदाचित इंग्रजी कळलं नसेल.

ही दाराजवळच्या खुर्चीवर बसून होती. दोन तास. निघताना म्हणाली, "झालं ना मनासारखं?" म्हटलं, झालं! "मग बरं." ट्राममध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, माणसांदेखत. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

आज : २४ मिनिटं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात बसलो आहे. हात चालू राहावा म्हणून लिहितो.

सकाळी नाश्त्याआधी तक्त्यावरून आलेख काढायला घेतला. बावीस, सव्वीस, एकावन्न. मग चोवीस, तेवीस, चोवीस. पट्टी लावून शेवटचे तीन ठिपके जोडले. पट्टी लावायची गरजच नव्हती, इतकी सरळ रेघ. पेन्सिल तिथेच थांबली.

ही केस विंचरत होती. विचारलं, "हे तू मोजलंस?"

फणी थांबली.

"कधीपासून नाही मोजलंस?"

"मंगळवारपासून."

"मग आकडे?"

"तुम्हाला बरे वाटतील असे सांगितले."

ओरडलो नाही. खरंच नाही. विचारलं, हलतं का?

"काल सकाळी एकदा वाटलं. की माझंच पोट गुरगुरलं, माहीत नाही." मग म्हणाली, "एकावन्न सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे कसं बघितलंत! पुन्हा वाढलेला आकडा घेऊन तुमच्यासमोर कशी येऊ? आणि एकदा मोजायचं सोडलं ना, की मग मोजायचीच भीती वाटते हो. दहा झाल्याच नाहीत तर?"

मी तसं बघितलं नव्हतं. नसावं.

खाली आलो तर हॉटेलवाल्या बाईनं हिचा चेहरा बघितला आणि मी तोंड उघडायच्या आत फोन उचलला. गाडी चार मिनिटांत आली. बाई स्वतः पुढच्या सीटवर बसली. तिला सगळं माहीत होतं. परक्या बाईला, हातवाऱ्यांनी सांगितलेलं! मी एकाच पलंगावर झोपत होतो.

इथे हिच्या पोटावर पट्टा बांधला. ठोके ऐकू आले. आहेत! मी मोठ्यांदा म्हणालो, "आहेत!" ही रडायला लागली. मशीनमधून कागदाची पट्टी सरकत होती, तिच्यावर बाळाच्या ठोक्यांची रेघ. नर्सनं ती हातात धरली. मीही वाकून बघितली. ठोक्यांचं मला काही कळत नाही. पण रेघ सरळ होती. वर नाही, खाली नाही, खोडी म्हणून नाही. दहा मिनिटं बघत राहिलो, कुठेतरी एकदा तरी हलेल म्हणून. इतकी सरळ रेघ चांगली नसते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

नर्स धावत गेली. डॉक्टर आली – उंच, पांढऱ्या केसांची, पट्टी बघताना ओठ आवळलेले. हालचाल कधीपासून कमी आहे, विचारलं. मी ही वही पुढे केली. तक्ता उघडून दाखवला, रकाने समजावून सांगू लागलो, शेवटचे तीन का धरायचे नाहीत तेही! तिनं वही बघितली, मला बघितलं आणि वही मिटून माझ्या हातात परत दिली. मग हिच्याजवळ बसून तेच हिला विचारलं. ही तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलली. सोमवार म्हणाली. त्यानंतर आवाज खाली गेला. एक वाक्य मला ऐकू आलं – "नवऱ्याची भीती वाटते."

डॉक्टर उठली. मला बाहेर थांबायला सांगितलं. सौम्यपणे सांगितलं, पण दार तिनं स्वतः लावलं.

दहा मिनिटांनी हिला ढकलगाडीवरून नेलं. आत्ताच पोट उघडायचं, थांबण्यात अर्थ नाही, असं नर्स म्हणाली. गाडी माझ्यासमोरून गेली. हिचे डोळे छताकडे होते. मी हात पुढे केला, तोवर गाडी वळली. हॉटेलवाली बाई दुसऱ्या बाजूनं चालत होती. हिची बोटं तिच्या मुठीत होती.

दाराच्या वर दिवा लागला आहे. समोर घड्याळ आहे. बघत नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

मुलगी. काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी आहे, पण श्वास तिचा स्वतःचा आहे. डॉक्टर म्हणाली, उद्यावर ढकललं असतं तर नसती.

सकाळी ही पुरती शुद्धीवर आली. वॉर्डचं दार अर्धं उघडं होतं. नर्स वाकून हिला विचारत होती – नवरा बाहेर उभा आहे, आत सोडू का? तुमची इच्छा असेल तरच.

हिनं लगेच हो म्हटलं नाही.